दोन बोटांची चूक

लग्नाला बारा दिवस उरले असताना जॅकलिनने नवऱ्याचा बाजा चिंचेने घासला.

तिच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. नातीच्या लग्नासाठी घरातलं सगळं पितळ मोरीत निघालं होतं. दोन घागरी, एक हंडा, येशूच्या आल्तारावरचे मेणबत्तीचे दोन खांब. त्या रांगेत ज्युलियसचा युफोनियमही आला. युफोनियम म्हणजे कडेवर घेतलेल्या दोन वर्षांच्या पोराएवढा पितळी बाजा. ज्युलियस तो घेऊन चालायचाही तसाच, एक हात खाली, एक हात वर. त्या सकाळी तो चर्चला गेला होता. परत आला तेव्हा बाजा अंगणात उन्हाला पालथा पडलेला आणि सोन्यासारखा चमकत होता.

"झकास दिसतोय की नाही?" जॅकलिनने विचारलं.

ज्युलियसने बाजा उचलला, तोंडाला लावला आणि दट्टे दाबून पाहिले. बाजाला दट्टे तीन. प्रत्येक दट्ट्याला नळीचा एक वळसा जोडलेला असतो. दट्टा दाबला की हवा त्या वळशातून फिरून जाते, तिची वाट लांबते आणि सूर उतरतो. पहिला दट्टा खाली गेला. तिसरा गेला. मधला जागचा हलेना.

"चिंच आत गेली," ज्युलियस म्हणाला.

"चिंचेने काय होतं? माझी आई घासायची."

"तुझी आई घागर घासायची. घागरीला दट्टे नसतात."

त्याने मधल्या दट्ट्यात सढळ हाताने खोबरेल ओतलं आणि रात्रभर मुरू दिलं. ते दिवस डिसेंबरचे होते आणि गोराईत पहाटे खाडीवरून वारा येतो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, हे त्याची सून जोॲन बोरिवलीच्या कॉलेजात अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगत असे. घरात तिला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी दट्टा चिंच आणि घट्ट खोबरेल अशा दोन थरांत बसला होता. मग जोॲनचा नवरा फ्लॉयड पाण्याच्या पंपाचा मोठा पाना घेऊन आला.

दट्टा निघाला. त्याच्याबरोबर मधला वळसाही निघाला आणि दोन तुकडे होऊन फरशीवर पडला.

"निघाला ना पण!" फ्लॉयड म्हणाला, आणि बापाचा चेहरा पाहून पाना पाठीमागे लपवला.

ज्युलियस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. घरची माणसं वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी घागरीत भरून आणतात. ज्युलियसच्या उंबराच्या पाण्याला त्याचा बाप इनास हा बाजा घेऊन पुढे चालला होता. फ्लॉयडच्या वेळी ज्युलियस चालला. आणि आता जिचं लग्न होतं त्या अँजेलिनाला, ती सहा वर्षांची असताना, त्याने तसाच शब्द दिला होता.

"ग्रँपा, भाड्याने आणू ना दुसरा," अँजेलिना हळूच म्हणाली.

"आण. ग्रँपा पण भाड्याने आण."

बोरिवलीच्या वाद्यांच्या दुकानदाराने तुकडे उलटसुलट करून पाहिले. "कंपनी कुठली? प्रत्येकाचं माप वेगळं असतं."

"लंडन," ज्युलियसने सांगितलं. हे गोराईत कुणीही सांगितलं असतं. सत्तर साली इनास बाजा कडेवर घेऊन बोटीतून उतरला होता. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतला म्हणाला. बाजाच्या पोटावर पितळी पट्टी होती. तिच्यावर सिंह, आणि खाली इंग्रजीत 'व्हिटफोर्ड अँड सन्स, लंडन'. गावातल्या प्रत्येक पोराने लहानपणी त्या सिंहावरून बोट फिरवलं होतं.

"मग लंडनहून मागवा," दुकानदार म्हणाला.

जोॲनने शोध सुरू केला. ती शांत बाई होती आणि शोधायचं म्हटलं की शेवटपर्यंत शोधायची. व्हिटफोर्ड नावाचे घोड्यांचे खोगीरवाले सापडले, एक दंतवैद्य सापडला, बाजावाला सापडला नाही. मग तिने जुन्या पितळी वाद्यांच्या शौकिनांचा एक परदेशी गट शोधला आणि तिथे सोळा फोटो टाकले. दोन दिवसांनी हॉलंडच्या एका निवृत्त मास्तरांचं लांबलचक उत्तर आलं. या नावाचा कारखाना कुठल्याही यादीत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पट्टीवरच्या प्राण्याबद्दल गटात मतभेद होते. दोघांना तो सिंह वाटत होता, नऊ जणांना कुत्रा. एक बाई मांजर म्हणत होत्या, पण त्यांच्या घरी सात मांजरं असल्याने त्यांचं मत धरलं नव्हतं. शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं, 'बाजाच्या रुंद तोंडाचा पत्रा जिथे जुळवलाय तिथली सांध पाहा. दातात दात अडकवून वितळत्या धातूने झाळली आहे. ज्याने हा बाजा बनवला तो आधी पाण्याची भांडी बनवत असावा.'

जोॲन भिंग घेऊन ती सांध बघायला बसली. तिचा अंगठा पट्टीवर टेकला आणि चिंचेने आधीच सैल झालेली पट्टी तिच्या हातात आली. खालचं पितळ नवं कोरं होतं. त्यावर टोच्याने देवनागरीत कोरलं होतं, 'गुणाजी, साकीनाका, १९७०'.

सासू भाजी निवडत समोरच बसली होती. दोघींनी ते दोनदा वाचलं.

"परत चिकटव," जॅकलिन म्हणाली.

"मम्मी, पण..."

"फेविकॉलने चिकटव गं! बाहत्तर वर्षांचा आहे तो. माझं नाव, पोराचं नाव आणि लंडन, एवढंच त्याला पाठ आहे."

जोॲनने पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती बाजा चादरीत गुंडाळून साकीनाक्याला गेली. विचारत विचारत पोहोचली तेव्हा चौथ्या गल्लीतल्या लेथच्या कारखान्यात प्रीतम नावाच्या तरुण मालकाने चादर बाजूला केली. ती नाव सांगायच्या आतच तो सांधेवरून बोट फिरवून म्हणाला, "हे तर मिस्त्रींचं काम. गुणाजी मिस्त्री. माझ्या पप्पांचे उस्ताद. दिंडोशीला असतात. जा बिनधास्त, पण फोन करू नका, उचलत नाहीत. म्हणतात, ज्याला काम आहे तो येईल."

जोॲनला खोटं बोलता येत नसे. त्यामुळे घरी तिने फक्त खरी वाक्यं निवडली. "पपा, बनवणाऱ्यांचा पत्ता लागलाय. त्यांचा एक माणूस मुंबईतच असतो. उद्या जाऊ."

याचा परिणाम तिने गृहीत धरायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ज्युलियस फ्लॉयडच्या लग्नातला काळा कोट घालून, टाय बांधून बोटीवर आला. "लंडनच्या कंपनीचा माणूस आहे," त्याने नावाड्याला सांगितलं. "बनियनवर कसं जाणार?"

दिंडोशीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घातलेल्या एका काटकुळ्या म्हाताऱ्याने. त्याने कोटाकडे पाहिलं, टायकडे पाहिलं आणि आत हाक मारली. "मालन, वकील इलो गो!"

"वकील नाही," ज्युलियस म्हणाला. "मी बाजा घेऊन आलोय."

चादर सुटली आणि गुणाजी खाली बसला. सांधेवरून त्याने अंगठा फिरवला, वरून खाली, मग खालून वर. "ह्यां माजां," तो म्हणाला.

"म्हणजे तुमच्या कंपनीचं."

"कंपनी खयची? मी आणि एक भट्टी."

जोॲन फरशीकडे बघू लागली.

"आणि हा सिंह?" ज्युलियसचा आवाज बारीक झाला.

"सिंव्ह मी कधी बघलेलंय? आमच्या मालकाचो कुत्रो तो. समोर बसवलो आणि काढलंय. लय गरीब कुत्रो." गुणाजीने पट्टीच्या कडेला नख लावलं. जोॲनचा फेविकॉल पितळाला धरलाच नव्हता. पट्टी सुटली आणि नाव दिसलं.

ज्युलियसने ते वाचलं. मग त्याने कोटाची बटणं काढली, कोट अंगातून उतरवला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. "पंचावन्न वर्षं मी गावाला कुत्रा दाखवला," तो म्हणाला. "माझा बाप खोटं बोलला."

"बापसाक काय बोलू नका." गुणाजी ताठ झाला. "इनास दर रविवारी बोटीन येय. वर्षभर. भट्टीकडे बसान ऱ्हवे. बाजो झालो तेवा म्हणालो, मिस्त्री, साकीनाक्याचो बाजो म्हटलंय तर लग्नाक कोण बोलवचो नाय, लंडनची पट्टी लाव. मी म्हटलंय, लावतंय, पण खाली माजां नाव कोरतंय. तो हसलो. म्हणालो, कोर. कधीतरी माजो झील, माजो पोरगो, ही पट्टी काढतलो, तेवा तुजां नाव वाचतलो."

वसाहतीच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती.

"उशीरच केलात," गुणाजी म्हणाला.

ज्युलियसने खिशातून वळशाचे तुकडे काढले. ते पाहून गुणाजीचा चेहरा एकदम उजळला. "मधलो? मधलोच तुटलो? देवान तोडल्यान!"

त्या वळशाने पंचावन्न वर्षं गुणाजीची झोप खाल्ली होती. नमुन्यासाठी इनासने दुसऱ्या बँडचा बाजा एका दिवसापुरता मागून आणला होता. गुणाजीने सुतळीने आणि बोटांनी मापं घेतली. घागरी करणाऱ्या त्याच्या घरात तसंच मोजत. सगळे वळसे बरोबर आले, फक्त मधला दोन बोटं लांब झाला. झाळून झाल्यावर कळलं, तोवर नमुना परत गेला होता.

"का चुकला ते सांगा की," आतून आवाज आला. मालन दारात येऊन उभी राहिली. "लाजतात मेले. पोरी, मी सांगतंय. माजो भाव शेजारच्या कारखान्यात होतो. तेची चाय घेवन मी चुकान ह्यांच्या दारात इलंय. ह्यांनी वर बघल्यानी आणि दोन बोटां परत मोजल्यानी. वर भावाची चायसुद्धा प्याले."

"चाय थंड होय होती," गुणाजी म्हणाला.

त्याने पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. तीन दिवस तो प्रीतमच्या कारखान्यात जाऊन बसला. घरी परतलेला बाजा पाहून ज्युलियस खूश झाला. दट्टे लोण्यासारखे चालत होते आणि मधला वळसा एका केसाचीही चूक नसलेला होता. पट्टी ज्युलियसने आपणहून टेबलाच्या खणात टाकली. फ्लॉयडने ती परत लावायचं सुचवून पाहिलं. "कुत्र्याला आराम करू दे," बाप म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी ओटीवर तालीम झाली. ज्युलियस धरून बँड पाच जणांचा होता. पुढे कॉर्नेटवर, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या बाजावर, ज्युलियसचा पुतण्या ॲश्टन. पहिल्या चार ओळी ठीक गेल्या. मग मधल्या दट्ट्याचा सूर आला आणि जॅकलिन स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली.

"कोण पडलं?"

"काका, तुमचा बाजा चढतोय!" ॲश्टन म्हणाला.

"माझा चढत नाही. तुम्ही उतरताय."

पुन्हा वाजवलं. पुन्हा त्याच जागी सगळ्यांनी चेहरे वाकडे केले. तिसऱ्यांदा शेजारच्या घरची खिडकी बंद झाली. जोॲन फोनवर सूर मोजायचं साधन लावून मध्ये उभी राहिली आणि एकेकाला वाजवायला लावलं. तिने आकडे वहीत लिहिले, पुन्हा मोजले, आणि मग सासऱ्यासमोर येऊन थांबली.

"पपा, तुमचा सूर बरोबर आहे. बाकी सगळे त्या एका सुरावर अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्श्याने खाली आहेत. ते पंचावन्न वर्षं तुमच्या बाजाला धरून वाजवतायत. ॲश्टनच्या बापाने तसंच वाजवलं, ॲश्टन त्याच्याकडून शिकला."

"म्हणजे मी बरोबर?"

"तुम्ही एकटेच बरोबर आहात."

ज्युलियसने बाजा मांडीवर ठेवला. "मग वाट लागली," तो म्हणाला.

एका दिवसात बाकी चौघांचे कान बदलणार नव्हते. बाजा बदलणं सोपं होतं. पण त्यासाठी एका माणसाला जाऊन सांगावं लागणार होतं. ज्युलियस रात्री जेवला नाही. शुक्रवारी सकाळी तो कोटाशिवाय निघाला. एका हातात बाजा, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पुडी, मागे जोॲन.

"मिस्त्री, तुम्ही लावलेला वळसा एकदम बरोबर आहे."

"असतलोच," गुणाजी म्हणाला.

"बरोबर आहे, हाच घोळ झालाय."

जोॲनने समजावून सांगितलं. गुणाजीने सगळं ऐकून घेतलं. "पंचावन वर्सां मी झोपतना तो वळसो परत परत वळवी होतंय," तो म्हणाला. "आता सरळ झालो, तर तुमका वाकडो होयो?"

ज्युलियसला भाषण येत नसे. "माझ्या लग्नाला तो सूर वाजला," तो म्हणाला. "पोराच्या लग्नाला वाजला. बापाला मातीत ठेवला तेव्हा पण मीच वाजवला, तोच. मिस्त्री, तुम्ही त्याला चूक म्हणता. आमच्या गावात त्याला सूर म्हणतात."

गुणाजीने सदरा चढवला. "मालन, चल. तू पण चल. एकट्यान नाय जमाचा."

प्रीतमच्या कारखान्यात जोॲनने वहीतला आकडा पुढे केला. तुटलेल्या वळशाचे तुकडे तिने सवयीने आधीच मोजून ठेवले होते. "चौतीस मिलिमीटर जास्त," ती म्हणाली. गुणाजीने वही हातानेच बाजूला सारली. त्याने सुतळी धरली, बोटं लावली, नळीवर खूण केली. जोॲनने मापून पाहिलं. वळसा अगदी बरोबर मापाचा येणार होता. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर.

"हात चुकूक तयार नाय," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "पंचावन वर्सां तेका शिकवलंय, चुकू नको म्हणान."

प्रीतम म्हणाला, "मिस्त्री, मॅडमचा आकडा घ्या ना सरळ."

"गप ऱ्हव." गुणाजीने मान वळवली. "मालन, चाय घेवन ये."

मालन टपरीवर गेली. गुणाजी पुन्हा सुतळी धरून बसला आणि एकेक बोट टेकवत मोजू लागला. दारातला उजेड कमी झाला तसं त्याने वर पाहिलं. मालन हातात काचेचा ग्लास धरून उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, मोकळा हात पदराला पुसत.

"काय बघतास?" ती म्हणाली. "चाय थंड होता."

गुणाजीने मान खाली घातली, बोटं टेकवली आणि नळी कापली.

जोॲनने नंतर ती मापली. चौतीस मिलिमीटर जास्त. तिने तो आकडा वहीत लिहिला नाही. कुठल्या रकान्यात लिहावा ते तिला कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी निघालं. पुढे ज्युलियस, कडेवर बाजा. बाजाच्या पोटावर, चिंचेने घासून आणखी लखलखीत केलेलं, गुणाजीचं नाव. मागे चिंचेनेच घासलेल्या घागरी, नवरीच्या मैत्रिणी आणि वसईहून आलेले पाहुणे. ज्युलियस भेटेल त्याला थांबवून खरं सांगत होता. "हा लंडनचा नाही. साकीनाक्याचा आहे. हे बघ नाव." लोक हसून त्याच्या पाठीवर थाप मारत होते. अंकलची मस्करी सगळ्यांना माहीत होती. शेवटी त्याने गुणाजीला हात धरून पुढे ओढलं. "हा घ्या पुरावा! यानेच केला."

वसईच्या एका वयस्कर पाहुणीने गुणाजीच्या पांढऱ्या टोपीकडे आदराने पाहिलं. "असं? केव्हा आलात लंडनहून?"

गुणाजीने ज्युलियसकडे पाहिलं. ज्युलियसने हात टेकले.

"आताच," गुणाजी म्हणाला. "बोटीन."

विहिरीजवळ पोहोचल्यावर बँडने सूर धरला. अँजेलिनाने घागर पुढे केली. पाची जण वाजवत त्या जागेवर आले आणि एकदम, एका पायरीने उतरावं तसे, खाली उतरले. कुणाचाही चेहरा वाकडा झाला नाही. कडेला उभ्या असलेल्या गुणाजीचा तेवढा झाला. त्याने डोळे मिटून घेतले.

मालनने त्याला कोपराने ढोसलं.

"ऐकलास?" ती म्हणाली. "ह्या सुरात बघा. मी इलंय, चाय घेवन."